प्रोसेसरचा वापर शंभर टक्के दिसतो तेव्हा: हलक्या लिनक्सवरील जुन्या संगणकांची क्रमवार तपासणी

लक्षणे

"सर, मशीन भल्ली स्लो चालून राह्यली जी," एवढ्या एका वाक्यात चार वेगवेगळे दोष लपलेले असतात, आणि ते चारही दोष पॅनेलच्या (पडद्याच्या कडेच्या पट्टीच्या) कोपऱ्यातल्या, प्रोसेसरचा वापर दाखवणाऱ्या त्या छोट्या हिरव्या आलेखाकडे बोट दाखवूनच सांगितले जातात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात शाळा, वाचनालये आणि सेवा केंद्रे यांच्याकडचे दोन किंवा चार जीबी रॅमचे जुने संगणक मी लुबुंटूवर किंवा मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीवर, म्हणजे हलक्या लिनक्स प्रणालींवर, चालवून दिले आहेत, आणि त्यांची तक्रार वर्षातून अनेकदा माझ्याकडे येते. त्यामुळे तपासणीला हात घालण्यापूर्वी पुढीलपैकी नेमके काय दिसते आहे, हे मी आधी विचारून घेतो.

पहिला प्रकार असा की आलेख पूर्ण भरलेला असतो, पंखा जोरात वाजत असतो आणि ब्राउझर उघडा असतो. दुसऱ्या प्रकारात आलेख भरलेला असतो, मात्र पडद्यावर काहीही उघडलेले नसते. तिसरा प्रकार फसवा आहे: आलेख जवळजवळ रिकामा असतो, तरीही माउसचा बाण अडखळतो आणि फोल्डर उघडायला अर्धा मिनिट लागतो. चौथा प्रकार आमच्याकडचा खास म्हणता येईल. सकाळी दहाला यंत्र ठीक चालते, दुपारी दोननंतर तेच काम करताना आलेख छताला टेकतो आणि संध्याकाळी पुन्हा सगळे सुरळीत होते. लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा, तो म्हणजे चार्जर लावल्यावर तो मंद होतो का.

हा आकडा नेमके काय मोजतो

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण निम्मी चूक आकडा वाचण्यातच होते. कर्नल (प्रणालीचा गाभा) प्रत्येक कोरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या प्रत्येक भागाचा, वेळ कशात गेला याची नोंद ठेवतो: इतका वेळ प्रोग्रॅमसाठी, इतका कर्नलच्या स्वतःच्या कामासाठी, इतका रिकामा, इतका डिस्कची वाट पाहण्यात. आलेख काढणारे साधन ही नोंद ठरावीक अंतराने दोनदा वाचते आणि दोहोंतील फरकावरून टक्केवारी काढते. म्हणजे शंभर टक्के याचा अर्थ सगळा वेळ कामात गेला एवढाच आहे. त्या वेळात काम किती झाले, हे त्यातून कळत नाही. विहिरीवरची मोटर कमी व्होल्टेजवर तासभर चालली तर तास भरतो, वाफा भरत नाही. प्रोसेसरचा वेग उतरला तर नेमके हेच घडते: काम तेवढेच असते, पण त्याला दुप्पट वेळ लागतो आणि आलेख दुप्पट भरतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर संगणक पुन्हा पुन्हा फॉरमॅट करण्याचे निम्मे प्रसंग टळतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा घोळ कोरच्या संख्येचा असतो. पॅनेलवरचा साधा आलेख सगळ्या कोरची सरासरी दाखवतो, त्यामुळे चार कोरच्या यंत्रात एखाद्या प्रोग्रॅमने एक कोर पूर्ण अडवला तरी तेथे २५ टक्केच दिसतात. याउलट 'टॉप' या आज्ञेत त्याच प्रोग्रॅमसमोर १०० लिहिलेले येते, आणि चारही कोर वापरणारा प्रोग्रॅम असेल तर हा आकडा ४०० पर्यंत जातो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त भाजक वेगळा आहे. (आज्ञांची नावे मी देवनागरीत लिहीत आहे; टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ती इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करावीत.)

काहीही न करता पंधरा मिनिटे थांबणे

सर्वांत स्वस्त तपासणी हीच आहे आणि ती कोणीही करत नाही. आठवडाभर बंद असलेला संगणक सुरू झाला की उबुंटू किंवा डेबियनवर आधारलेली प्रणाली राहून गेलेली अद्ययावतीकरणाची कामे हाती घेते: पॅकेजची यादी तपासणे, सुरक्षा-दुरुस्त्या उतरवणे, त्या उलगडणे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम बराच वेळ रेंगाळते आणि जुना दोन कोरचा प्रोसेसर तेवढा वेळ गुंतलेला दिसतो. पॅनेलवर काहीही उघडलेले नसताना आलेख भरलेला असण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे.

या वेळी वैतागून मागचे बटण बंद करू नये. पॅकेज अर्धवट बसलेले असताना वीज गेली तर पुढच्या वेळी प्रणाली दुरुस्त करत बसावे लागते, आणि आपल्याकडे वीज स्वतःहून जाण्याचे प्रसंग कमी नसताना त्यात आपण भर घालण्याचे कारण नाही. पंधरा-वीस मिनिटांत आलेख खाली आला तर दोष नव्हताच.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहणे

ही तपासणीही फुकट आहे. काही लॅपटॉप मूळ चार्जर ओळखल्याशिवाय प्रोसेसरला पूर्ण वेगाने चालू देत नाहीत. बाजारातला दुसरा चार्जर लावला, किंवा चार्जरच्या पिनेमधली ओळख देणारी बारीक तार तुटली, की यंत्र चालते, पण वेग सर्वांत खालच्या पायरीवर अडकतो. बॅटरीवर संगणक चपळ होत असेल आणि चार्जरवर मंद, तर लिनक्सला दोष न देता त्याच मॉडेलचा दुसरा चार्जर मागून आणून लावून पाहावा. शिक्षकांच्या लॅपटॉपमध्ये मला हा दोष इतक्या वेळा भेटला आहे की हल्ली मी टर्मिनल उघडण्यापूर्वी चार्जरवरचे लेबल वाचतो.

कोणता प्रोग्रॅम वेळ घेतो, हे पाहणे

टर्मिनलमध्ये 'टॉप' चालवावे. कॅपिटल 'पी' दाबल्यावर यादी प्रोसेसरच्या वापरानुसार लागते, कॅपिटल 'एम' दाबल्यावर मेमरीनुसार, आणि १ हा आकडा दाबल्यावर प्रत्येक कोरची स्वतंत्र ओळ दिसते. उघडल्याबरोबर आलेल्या पहिल्या आकड्यांवर विसंबू नये. दोन-तीन वेळा आकडे बदलू द्यावेत. 'एचटॉप' दिसायला सोपे आहे आणि त्यात माउस चालतो, मात्र तेही एक प्रोग्रॅमच आहे आणि दुबळ्या यंत्रावर काही टक्के स्वतःच खाते. दर सेकंदाला ताजा होणारा रंगीत आलेख लावून ठेवायचा आणि मग यंत्र का दमते हे शोधायचे, हा प्रकार टाळावा.

बहुतेक वेळा यादीच्या टोकाला ब्राउझर असतो. त्यावर "ब्राउझर बंद करा" हे उत्तर पुरेसे नाही, कारण कामच ब्राउझरमध्ये असते. फायरफॉक्सच्या मेनूत 'अधिक साधने' या ठिकाणी, आणि क्रोमियममध्ये शिफ्ट व एस्केप एकत्र दाबल्यावर, टॅबनिहाय वापर दिसतो. एखादे संकेतस्थळ हलत्या जाहिरातींमुळे सतत प्रोसेसर खात असते, तेवढाच टॅब बंद करावा. शाळांमध्ये व्हिडिओ हे मोठे कारण असते. जुन्या ग्राफिक्स चिपला एच २६४ या प्रकारातला व्हिडिओ उलगडता येतो, पण यूट्यूब आता व्हीपी ९ किंवा एव्ही १ या नव्या प्रकारांत व्हिडिओ पाठवते आणि तो उलगडण्याचे सगळे काम प्रोसेसरवर पडते. व्हिडिओ ४८० वर आणून पाहावा. वर्गातल्या पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही आणि आलेख लगेच खाली येतो.

अडकलेला प्रोग्रॅम थांबवायचा असेल तर टॉपमध्ये 'के' दाबून त्याचा क्रमांक द्यावा आणि संकेत विचारला की आधी १५ हाच स्वीकारावा. १५ म्हणजे प्रोग्रॅमला आवरते घेण्याची विनंती आहे, उघडी फाइल लिहून बंद करण्याची संधी त्याला मिळते. ९ म्हणजे तडकाफडकी अंत, त्यामुळे तो शेवटी वापरावा. यादीच्या टोकाला 'एक्सऑर्ग' (पडद्यावरचे चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम) सतत दिसत असेल तर पडदा रंगवण्याचे काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसर करत आहे का, हे पाहावे लागते. असे असल्यास ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) तपासणे आणि खिडक्यांच्या सावल्या-पारदर्शकता बंद करणे एवढे घरी करता येते. 'केवर्कर' नावाची कर्नलची नोंद तासन्‌तास एक कोर अडवून बसली असेल, तर हार्डवेअरकडून येणाऱ्या निष्कारण हाकांचा तो परिणाम असू शकतो. तेथे अंदाजाने फाइली बदलू नयेत, जाणकाराला दाखवावे.

आलेख रिकामा, तरी यंत्र अडकलेले

टॉपच्या वरच्या भागात 'डब्ल्यूए' अशी दोन अक्षरे असतात. प्रोसेसर रिकामा आहे, पण डिस्ककडून उत्तर यायचे आहे, अशा वेळेची ती टक्केवारी आहे. पॅनेलवरचे साधे आलेख हा वेळ सहसा वापरात धरत नाहीत, आणि एचटॉपमध्येही सेटिंगमधून सविस्तर वेळ चालू केल्याशिवाय तो वेगळा दिसत नाही. तिसऱ्या प्रकारचे लक्षण असेल तर आधी हाच आकडा पाहावा. त्याच्याच वर 'लोड ॲव्हरेज' म्हणून एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे तीन आकडे असतात. लिनक्समध्ये या आकड्यांत डिस्कची वाट पाहत खोळंबलेली कामेही मोजली जातात, म्हणून दोन कोरच्या यंत्रावर लोड सहा दिसतो आणि प्रोसेसर मात्र रिकामा असतो, यात विसंगती काही नाही.

'डब्ल्यूए' सातत्याने वीस-तीसच्या वर राहत असेल तर 'फ्री' ही आज्ञा चालवून 'अव्हेलेबल' या रकान्यात किती मेमरी उरली आहे ते पाहावे. शेजारचा 'फ्री' हा रकाना पाहून घाबरू नये. लिनक्स मोकळी मेमरी फाइलींची तात्पुरती साठवण म्हणून वापरते आणि गरज पडताच परत देते. 'अव्हेलेबल' खरोखरच संपत आलेले असेल आणि यादीत 'केस्वॅपडी' (मेमरी मोकळी करणारे कर्नलचे काम) वर आलेला असेल, तर रॅम अपुरी आहे आणि यंत्र डिस्कवरच्या स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमऐवजी वापरायच्या जागेत, उचल-ठेव करत बसले आहे. दोन जीबीवर आजचा ब्राउझर सुखाने चालत नाही, हे मान्य करावे. 'झेडरॅम' बसवल्याने मेमरीचा काही भाग दाबून साठवला जातो आणि थोडा दिलासा मिळतो, पण बोर्डवर जागा असेल तर जुन्या प्रकारची वापरलेली रॅम घेऊन चार जीबी करणे हाच खरा उपाय आहे. घेताना डीडीआर २ की ३, हे पाहूनच घ्यावे. खाचेची जागा वेगळी असते आणि जोर लावून ती बसत नाही.

मेमरी भरपूर शिल्लक असूनही 'डब्ल्यूए' चढलेला असेल तर संशय डिस्कवर जातो. 'डिस्क्स' या साधनात डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, पाहता येते. त्यात क्रमांक ५ म्हणजे बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे), आणि क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आल्याने प्रलंबित असलेले सेक्टर. या दोहोंसमोरचा आकडा वाढत असेल तर पुढची कोणतीही तपासणी न करता आधी सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. क्रमांक १९९ मात्र वाढत असेल तर तो डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या संवादातील चुकांचा असतो, आणि त्यात बहुधा साटा केबल दोषी निघते. अगदी स्वस्तातली केबल बदलून यंत्र ताळ्यावर आल्याचे मी पाहिले आहे, म्हणून डिस्क फेकण्यापूर्वी तेवढे करावे.

उष्णता

आमच्या भागातला मुख्य दोष हा आहे, आणि क्रमात तो इतक्या उशिरा येतो तो केवळ पेटी उघडावी लागते म्हणून.

प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. ही मर्यादा प्रोसेसरनुसार बदलते, पण अनेक इंटेल प्रोसेसरांत ती ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वेग उतरला की वर सांगितल्याप्रमाणे तेच काम आलेखात दुप्पट दिसते. हीट सिंक (प्रोसेसरवरचा, उष्णता काढून नेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) कितीही चांगले असले तरी ते प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही; खोलीतली हवा २५ वरून ४० अंशांवर गेली तर आतले तापमानही जवळपास तेवढ्याच अंशांनी चढते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ही नावे मे महिन्यात तापमानाच्या बातम्यांत रोज येतात, आणि नवतपाच्या (मे अखेरच्या तापलेल्या नऊ) दिवसांत टिनाच्या छपराखालची खोली बाहेरच्यापेक्षाही वाईट असते. चौथ्या प्रकारचे लक्षण, म्हणजे दुपारी मंद आणि संध्याकाळी ठीक, हे जवळजवळ नेहमी येथेच येऊन थांबते.

खात्री करण्यासाठी 'सेन्सर्स' ही आज्ञा तापमान दाखवते. ती नसेल तर 'एलएम सेन्सर्स' हे पॅकेज बसवावे. 'एलएससीपीयू' या आज्ञेने प्रोसेसरचा कमाल वेग कळतो, आणि एचटॉपच्या सेटिंगमधून प्रत्येक कोरचा चालू वेग दाखवता येतो. यंत्रावर काम चालू असताना वेग कमाल मर्यादेच्या बराच खाली असेल आणि तापमान चढलेले असेल, तर निदान झाले. तापमान साधारण असूनही वेग खालीच असेल तर चार्जरच्या तपासणीकडे परत जावे, किंवा वेगाचे धोरण 'पॉवरसेव्ह'वर आहे का ते पाहावे. या शब्दाचा अर्थ मात्र सगळीकडे एक नाही: जुन्या ड्रायव्हरमध्ये 'पॉवरसेव्ह' म्हणजे कायम सर्वांत कमी वेग, तर इंटेलच्या नव्या 'पीस्टेट' ड्रायव्हरमध्ये त्याच नावाचे धोरण गरजेनुसार वेग वाढवते आणि तेथे ते बदलण्याची गरज नसते.

आता पेटी उघडण्याविषयी. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरात साठवलेला असतो, आणि संगणक बहुधा त्याच खोलीत असतो. पंखा हवेबरोबर रुईचे तंतू ओढतो, ते हीट सिंकच्या पात्यांवर आडवे बसतात, आणि त्यावर तूर काढताना उडालेल्या कुटाराची (भुशाची) धूळ थापली जाते. वरून पाहिले तर पंखा स्वच्छ दिसतो. पंखा काढल्यावर खाली नमद्यासारखा थर निघतो. तो हवा पूर्ण अडवतो. म्हणून वरवर फुंकर मारून "साफ केले" म्हणणे निरर्थक आहे.

संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी, बटण एकदा दाबून उरलेला भार जाऊ द्यावा, आणि धातूच्या पेटीला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. पंख्याचे चार स्क्रू काढून तो बाजूला घ्यावा, थर चिमट्याने उचलावा आणि उरलेले मऊ ब्रशने काढावे. ब्लोअर वापरत असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोताने ती बेफाम फिरली तर बेअरिंग खराब होते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नये. त्याचा दाब फार असतो आणि नळीतून पाण्याचे तुषार येतात.

स्वच्छ केल्यावरही तापमान उतरले नाही तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप, बहुधा वाळलेली असते. हीट सिंक काढून जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि मधोमध मटाराएवढी नवी लावावी. जास्त लावल्याने थंडावा वाढत नाही. हे काम डेस्कटॉपवर धीराने करता येते. हीट सिंक बसवताना चारही पाय टोकाशी टेकले आहेत हे पाहावे, कारण एक पाय उचललेला राहिला तर यंत्र सुरू होऊन काही क्षणांतच बंद पडते.

कुलरबद्दल एक सूचना. तापते म्हणून संगणक कुलरच्या झोतात ठेवणारे बरेच जण आहेत. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओली असते, तिच्यातले तुषार क्षार सोडतात आणि वर्षभरात बोर्डावर पांढरा थर दिसू लागतो. कुलर खोलीत असावा, पण झोत पेटीवर नसावा. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून पाटावर ठेवली तरी दोन-चार अंशांचा फरक पडतो.

कोठे थांबावे

पॉवर सप्लायचा डबा उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठलेली असू शकते. बोर्डावर फुगलेले किंवा चिकट द्रव गळलेले कपॅसिटर दिसले, लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला, किंवा पेटीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर त्याच क्षणी यंत्र बंद करावे. पहिल्या दोन गोष्टी दुरुस्ती करणाऱ्याच्या आहेत. तिसरी वीजतंत्रीची आहे, कारण दोष बहुधा खोलीच्या अर्थिंगमध्ये असतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल आणि तिच्यावर नोंदी असतील तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. लॅपटॉपचा पंखा काढण्यासाठी कीबोर्ड आणि बोर्ड दोन्ही सोडवावे लागणार असतील, तर सवय नसलेल्याने त्यात हात घालू नये. तुटलेली रिबन केबल मूळ दोषापेक्षा महाग पडते. साफसफाई आणि नवी पेस्ट झाल्यावरही साध्या कामात तापमान ९० कडे जात असेल, तर पुढचे निदान साधनांशिवाय होत नाही.

तालुक्याच्या दुकानात यंत्र नेताना मी एक कागद सोबत देतो: सकाळी दहाचे आणि दुपारी तीनचे तापमान, वेग, 'डब्ल्यूए' आणि यादीतील पहिले तीन प्रोग्रॅम, असे तीन-चार दिवसांचे आकडे. दुकानात यंत्र संध्याकाळी, पंख्याखाली, ब्राउझर न उघडता तपासले जाते आणि "यात काहीच नाही" म्हणून परत येते. कागद सोबत असला की तपासणारा निदान ब्राउझर उघडून, व्हिडिओ लावून अर्धा तास थांबतो.